चढ अंगी लागतो

पुण्याला टेकड्या आहेत, नाशिकला पांडवलेणीचा डोंगर आहे, साताऱ्यात अजिंक्यतारा गावाच्या डोक्यावरच उभा आहे. कोल्हापूरकरांना जोतिबा आणि पन्हाळा जवळ, तर रत्नागिरी-राजापुराकडे जांभ्या दगडाचे सडे घरापासून फार लांब नसतात. सह्याद्रीच्या आसपास राहणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांना कच्च्या वाटा आणि चढ-उतार अगदी हाताशी मिळालेले आहेत. आठवड्यातून दोन-तीन वेळा या वाटांवर सायकल घातली, तर हृदय, स्नायू, हाडं, रक्तातली साखर आणि मन या सगळ्यांना एकाच वेळी फायदा होतो. हा लेख अशा वाचकांसाठी आहे, ज्यांची सायकल कॉलेजनंतर सुटली, पस्तिशी-चाळिशी ओलांडली आणि आता व्यायाम सुरू करायचा आहे, पण जिममध्ये मन रमत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. डोंगरी सायकलिंग म्हटलं की दगडांवरून उड्या मारत खाली येणारी तरुण मुलं डोळ्यांपुढे येतात. आरोग्याचा खरा लाभ मात्र संथपणे चढण्यात आहे. उतार शिकायचा तो सुखरूप घरी येण्यासाठी, म्हणजे पुढच्या आठवड्यात पुन्हा चढ चढता येईल. एवढा क्रम मनात पक्का असेल, तर हा व्यायाम साठीपर्यंत आणि त्यानंतरही करता येतो.

या खेळाची सुरुवात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात झाली. १९७० च्या दशकात तिथली काही मुलं जाड टायरच्या जुन्या, वजनदार सायकली डोंगरावर ढकलत नेत आणि उतारावरून खाली सोडत. ब्रेक इतके तापत की त्यातलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची यांच्यासारख्यांनी पुढे अशा वाटांसाठी खास सायकली तयार केल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. आपल्याकडे हिमाचल प्रदेशात २००५ मध्ये डोंगरी सायकलींची मोठी शर्यत सुरू झाली. आपल्याला शर्यत लावायची नाही, पण कॅलिफोर्नियातल्या त्या मंडळींनी घडवलेली सायकल आपल्या कामाची आहे: रुंद टायर, हलके गिअर, भरवशाचे ब्रेक आणि पुढे धक्के शोषणारा काटा.

शरीरात काय घडतं?

हृदयापासून सुरुवात करू. सपाट रस्त्यावर सायकल एका लयीत चालते. डोंगरवाटेवर तसं होत नाही. दोन मिनिटांचा खडा चढ येतो, नाडी जोरात धावू लागते, मग थोडी सपाटी येते आणि श्वास खाली बसतो, तेवढ्यात पुढचा चढ. जोर आणि विश्रांती यांची ही आलटापालट हृदयाची आणि फुप्फुसांची क्षमता वाढवण्याचा सिद्ध झालेला मार्ग आहे. जिममध्ये घड्याळ लावून जे करावं लागतं, ते इथे जमीनच करून घेते. काही आठवड्यांत तोच चढ कमी धापेत पार होऊ लागतो, कारण हृदय एका ठोक्यात पूर्वीपेक्षा जास्त रक्त पुढे ढकलू लागलेलं असतं.

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तासाभराच्या तीन फेऱ्या झाल्या की हे माप सहज भरतं. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, कर्करोग आणि अकाली मृत्यू यांचं प्रमाण गाडीने किंवा बसने जाणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. हा अभ्यास रोजच्या रस्त्यावरच्या सायकलिंगचा होता आणि त्यावरून कार्यकारण पूर्णपणे सिद्ध होत नाही. तरी सायकल नेमाने चालवण्याची दिशा योग्य आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसरा मुद्दा साखरेचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. चढ चढताना मांड्या आणि नितंब हे शरीरातले सगळ्यांत मोठे स्नायू जोरात काम करतात. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेऊ शकतो. व्यायाम संपल्यावरही इन्सुलिन साधारण एक-दोन दिवस अधिक चांगलं काम करतं. म्हणूनच रविवारी चार तास सायकल चालवून आठवडाभर बसून राहण्यापेक्षा दोन दिवसांहून जास्त खंड न पडू देणं महत्त्वाचं.

गुडघ्यांची काळजी अनेकांना असते. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार गुडघ्यावर आदळतो. सायकलवर तो बराचसा सीटवर असतो. वजन जास्त असलेल्यांना किंवा गुडघे कुरकुरणाऱ्यांना सायकल सोसते ती यामुळे. मांडीचा पुढचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्याला आधारही मिळतो. अट एकच: सीटची उंची बरोबर हवी आणि जड गिअरवर जोर काढायचा नाही.

हाडांबाबत डोंगरी सायकल रस्त्यावरच्या सायकलपेक्षा सरस ठरते. वर्षानुवर्षं फक्त गुळगुळीत डांबरावर सायकल चालवणाऱ्या खेळाडूंची हाडं बरेचदा अपेक्षेपेक्षा विरळ आढळतात, कारण हाडाला घट्ट व्हायला भार आणि धक्के लागतात. खडबडीत वाटेवर ते मिळतात. दोन्ही प्रकारच्या खेळाडूंची तुलना झाली, तेव्हा डोंगरावर सायकल चालवणाऱ्यांची हाडं अधिक घन आढळली. तरीही आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं, बैठका किंवा जिने चढणं सोडू नका. सायकल एकटी सगळं देत नाही.

हात, खांदे, पोट आणि पाठ यांनाही इथे काम पडतं. मुरुमावर चाक घसरलं की शरीर क्षणात तोल सावरतं. तोलाचा हा सराव वय वाढेल तसा जास्त उपयोगी पडतो, कारण उतारवयातली बरीच दुखणी घरात, न्हाणीघरात पडण्यापासून सुरू होतात.

शेवटी मन. दगडाळ वाटेवर ऑफिसचा हिशेब डोक्यात घोळवता येत नाही. पुढचा दगड, पुढचं वळण, ब्रेक, श्वास यांतच लक्ष गुंतलेलं राहतं. तासाभराची ही सक्तीची सुटी, सकाळचं ऊन आणि झाडोरा यांमुळे चिडचिड कमी होते आणि रात्री झोप गाढ लागते. नैराश्य किंवा चिंतेवर उपचार चालू असतील तर गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. व्यायाम त्यांना जोड म्हणून धरा.

सुरुवातीआधी डॉक्टर

चाळिशी उलटली असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असेल, घरात कमी वयात कुणाला हृदयविकाराचा झटका आला असेल, तर आधी तपासून घ्या. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी औषधं घेणाऱ्यांनी निघण्याआधी साखर मोजावी आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं. हाडं ठिसूळ झालेली असतील किंवा गर्भारपण असेल तर खडबडीत वाटा टाळा. व्यायाम सुरू ठेवायचाच असेल तर घरातली स्थिर सायकल बरी. चढावर छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर, भलताच घाम असं काही जाणवलं तर तिथेच थांबा, बसा आणि १०८ ला फोन लावा. "होईल बरं" म्हणत वर चढत राहू नका.

सायकल निवडताना

नवशिक्याला फक्त पुढे सस्पेन्शन, म्हणजे धक्के शोषणारा काटा, असलेली सायकल पुरते. स्वस्तातल्या काही सायकलींना मधोमध दिखाऊ स्प्रिंग असते. तिच्यामुळे सायकल जड होते आणि पायांचा जोर स्प्रिंग खाते. अशी सायकल घेऊ नका. पावसाळ्यात आणि चिखलात डिस्क ब्रेक चांगले धरतात. गिअर किती आहेत यापेक्षा सगळ्यांत हलका गिअर खरंच हलका आहे का, ते पाहा. दुकानातून आसपासच्या चढावर नेऊन बघा. सायकल दोन्ही पायांत घेऊन उभं राहिल्यावर मधल्या दांडीत आणि अंगात दोन इंचांची तरी जागा हवी. ओळखीतल्या कुणाची वापरलेली चांगली सायकल मिळाली तर उत्तमच. आधी महिनाभर भाड्याची किंवा मित्राची चालवून पाहा आणि मग पैसे घाला.

सीटची उंची ठरवायला सोपी युक्ती आहे. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजाने पेडल मारताना गुडघ्यात हलका बाक राहतो. सीट फार खाली असली तर गुडघ्याची वाटी पुढून दुखते, फार वर असली तर कंबर डावी-उजवीकडे हलते. सीटचं नाक जमिनीला समांतर ठेवा. मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला तर सीटचा कोन बदला किंवा सीटच बदला. तो बधिरपणा अंगावर काढू नका. स्त्रियांना बहुधा थोडी रुंद सीट सोयीची पडते.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली नीट आवळलेला. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी टाकून द्या. हातमोजे आणि डोळ्यांना साधा चष्मा हवाच. टायरमध्ये हवा ठासून भरू नका. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाला कच्च्या वाटेवर ३० ते ३५ पीएसआय ठीक. मात्र टायरच्या कडेला छापलेली मर्यादा पाहा. सोबत जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप आणि षटकोनी पाने ठेवा. पंक्चर काढायला घरी शिका, डोंगरावर नव्हे.

चढ कसा चढावा

चढाच्या पायथ्याशी पोचण्याआधीच गिअर हलका करा. पायावर पूर्ण जोर असताना गिअर बदलला की चेन कडकडते, कधी उतरते. बसून चढा. उभं राहिलं की मागच्या चाकावरचा भार कमी होतो आणि सैल मुरुमावर ते जागच्या जागी फिरतं. चढ खडा झाला की सीटच्या पुढच्या टोकाकडे सरका, छाती हँडलकडे झुकवा, कोपरं खाली घ्या. असं केलं नाही तर पुढचं चाक उचललं जातं आणि सायकल भरकटते. नजर पुढच्या चाकाजवळच्या दगडावर खिळवू नका. दहा-पंधरा फूट पुढे पाहा, सायकल नजरेमागे जाते.

पेडल मिनिटाला ६० ते ८० फेरे फिरलं पाहिजे. त्याहून कमी फिरत असेल तर गिअर जड आहे आणि भार गुडघ्यांवर येतो आहे. जोर किती लावायचा याचं माप बोलण्यात आहे. एखादं पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम जोर. दोन-तीन शब्दांनंतर थांबावं लागतं, हा जास्त जोर. पहिला महिना पहिल्या पातळीतच राहा. मांड्या भरून आल्या, धाप आवरेना, तर उतरा आणि सायकल ढकलत चाला. ढकलतानाही व्यायाम होतच असतो आणि उरलेला चढ पुढच्या खेपेला तुमचाच आहे.

उतार कसा उतरावा

आधी कोणता ब्रेक कुठल्या हाताला आहे ते सपाटीवर तपासा. उतार सुरू होण्याआधी सीट दोन-तीन इंच खाली करा. दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवून उभे राहा, गुडघे आणि कोपरं सैल, कंबर थोडी मागे. प्रत्येक ब्रेकवर एक किंवा दोन बोटं, बाकीची हँडलवर. पुढचा ब्रेक जास्त ताकदीचा असतो. तो झटक्याने दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो, म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू, एकत्र दाबा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नको. सुट्या खडीवर वळताना पुढचा ब्रेक धरलात तर चाक निसटतं. वाट ओळखीची नसेल तर आधी चालत पाहून या. शंका आली तर उतरून चाला.

पहिले आठ आठवडे

पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर, एकाआड एक दिवस, अर्धा तास. या काळात गिअर बदलणं, एका हाताने हँडल धरणं आणि मागे वळून पाहणं अंगवळणी पाडा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शेताकडेच्या मातीच्या वाटा किंवा कालव्याचा रस्ता धरा, ४० ते ४५ मिनिटं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात आठवड्यातून एकदा छोटी टेकडी. चढ पाच-दहा मिनिटांचा असावा आणि वर गेल्यावर पुरती विश्रांती घ्यावी. सातव्या-आठव्या आठवड्यात त्याच टेकडीवर दोन फेऱ्या आणि उताराचा सराव. एका आठवड्यात वेळ आणि चढ दोन्ही वाढवू नका. सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा बरीच जास्त लागली किंवा पाय शिशासारखे जड वाटले तर त्या दिवशी सुटी घ्या. स्नायू विश्रांतीतच भक्कम होतात.

पाणी आणि खाणं

तासाभराच्या फेरीला पाणी पुरतं, साधारण अर्धा लिटर. उन्हात किंवा त्याहून जास्त वेळ असाल तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, त्यात लिंबू, साखर आणि चिमूटभर मीठ. कोकम सरबतही चांगलं. रक्तदाब असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा. दीड तासाच्या पुढे केळं, खजूर, राजगिऱ्याची वडी किंवा गूळ-शेंगदाणे थोडे थोडे खा. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. परत आल्यावर तासाभरात नीट जेवा: पोळी-भाजी, आमटी-भात, मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा अंडी. वडापाव आणि मिसळीवर फेरी संपवायची सवय लागली तर वजन कमी होत नाही, हे लक्षात असू द्या. मार्च ते मे पहाटे निघा आणि नऊच्या आत परत या.

पडलात किंवा दुखलं तर

पडताना माणूस आपोआप हात ताणून जमिनीवर टेकवतो. त्यात मनगट किंवा गळ्याजवळचं हाड मोडतं. पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत राहिलं तर दुर्लक्ष करू नका. तिथलं छोटं हाड मोडलेलं पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तपासावं लागतं. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा विसरभोळेपणा जाणवला तर थेट रुग्णालयात जा. खरचटलेली जागा भरपूर पाण्याने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते डॉक्टरांना सांगा. वाडीवरचं कुत्रं अंगावर आलं तर सायकलवरून उतरा, सायकल मध्ये धरा आणि शांतपणे मागे सरका. चावलंच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातावर दाब पडतोय. पकड सैल करा, हात जागेवरून हलवत राहा. मान किंवा कंबर दोन दिवसांपेक्षा जास्त दुखली तर सायकलची मापं पुन्हा बघा.

वाट आपल्या एकट्याची नाही

बरेच डोंगर वनखात्याच्या ताब्यात आहेत आणि काही टेकड्यांवर सायकलला मनाई आहे. आधी चौकशी करा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी नेमून दिलेले रस्ते सोडू नका. कासच्या पठारावर तर फुलांच्या दिवसांत चाक वाटेबाहेर गेलंच नाही पाहिजे, तिथला मातीचा थर अतिशय पातळ आहे. शेताच्या बांधावरून जाताना कवाडं जशी होती तशी लावा. गुरं आली की थांबा, चालणाऱ्याला आधी वाट द्या. पावसाळ्यात जांभ्यावर आणि कातळावर शेवाळ धरतं, तेव्हा उतार टाळा. कड्याखाली आग्या मधमाश्यांची पोळी दिसली की आवाज, धूर आणि अत्तर यांपासून दूर राहा. एकटं जाऊ नका. जावंच लागलं तर घरी वाट आणि परतायची वेळ सांगून निघा, कारण घळीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

या आठवड्यात एवढं करा. माळ्यावरची सायकल खाली काढा किंवा एखादी मागून आणा. हवा, ब्रेक आणि चेन दुकानात तपासून घ्या, सीटची उंची लावा, हेल्मेट विकत घ्या. डॉक्टरांना विचारायचं असेल तर वेळ ठरवा. मग तीन दिवस निवडा, घरच्यांना सांगा आणि कॅलेंडरवर खुणा करा. टेकडीची घाई नको. तीन महिन्यांनी रक्तदाब, साखर आणि कमरेचा घेर पुन्हा मोजा आणि आजचे आकडे एका वहीत आधीच लिहून ठेवा. फरक पडला की नाही हे तुम्हाला कुणी सांगायला नको, वहीतच दिसेल.